पत्त्याचा रकाना आणि एआयची शाखा

सीईटीचा निकाल लागला की कफ परेडच्या मच्छीमार नगरापासून लालबागच्या चाळींपर्यंत आईवडील एकच विचारतात : ‘एआय-एमएल मिळेल ना? नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ का?’ कर्ज काढून तर अजिबात घेऊ नका. शाखेचं नाव बघून कुणी नोकरी देत नाही. इंजिनिअरिंग, बीसीए, बीएससी आयटी हे रस्ते तुम्हाला तोंडपाठ आहेत, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय सर्वेक्षणाच्या कामाबद्दल. कोडिंग येणारी पोरं ढिगाने आहेत, माणसं नीट मोजता येणारी शोधावी लागतात.

समजा, मुंबईतल्या बेघरांच्या सर्वेक्षणासाठी वेब अ‍ॅप करायचंय. हुशार मुलगा पहिल्याच पानावर नाव, पत्ता, मोबाइल नंबर असे तीन रकाने टाकतो आणि तिन्ही सक्तीचे करतो. आता ज्याला पत्ताच नाही त्याचा फॉर्म पुढे सरकायचा कसा? पुलाखाली नेट गेलं की भरलेली माहिती उडते. काल भायखळ्याला भेटलेला माणूस आज सीएसएमटीला सापडला की दोनदा मोजला जातो. जनगणनेत बेघरांना एकाच रात्रीत मोजतात ते यासाठीच. 28 फेब्रुवारी 2011च्या रात्री बृहन्मुंबईत सुमारे 57 हजार भरले, आणि हा आकडा फारच कमी आहे असं बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था तेव्हापासून सांगताहेत. शिवाय झोपण्याच्या जागेचं अचूक लोकेशन साठवलं, तर ती यादी उद्या हुसकावणाऱ्यांच्याही हाती पडू शकते. हे कुठल्या क्लासात शिकवतात?

हे काम अ‍ॅपशिवायही झालंय. 1985 साली ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईतल्या फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी ‘वुई, द इनव्हिजिबल’ या नावाने प्रसिद्ध केली. सगळं कागदावर!

मच्छीमार नगरातल्या मुलांना तर सर्वेक्षणाची अर्धी अक्कल घरातच मिळते. ‘मासिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न फसवा आहे हे त्यांना समजावावं लागत नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरात काय येतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

बारावीनंतर संख्याशास्त्रात बीएससी करा, जोडीला पायथन आणि जावास्क्रिप्ट शिका, पुढे देवनारची आयआयपीएस (लोकसंख्याशास्त्रासाठी) किंवा टिस (सामाजिक शास्त्रांसाठी). पगार सुरुवातीला आयटीपेक्षा कमी, आणि प्रकल्प संपला की बऱ्याचदा करारही संपतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण पुढची जनगणनाही मोबाइल अ‍ॅपवर होणार आहे, तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. काम कमी होणार नाही.

‘आमच्या पोरीने रस्त्यावरच्यांत जाऊन बसायचं का?’ असं एका वडिलांनी मला तिच्यासमोरच विचारलं. ती गप्प बसली. तुम्ही असे बोलता म्हणूनच मुलं तुम्हाला खरं सांगत नाहीत.

प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय तिला स्वतः भरू द्या. त्याआधी फुकट मिळणाऱ्या ‘कोबो टूलबॉक्स’वर दहा प्रश्नांचा फॉर्म करायला लावा आणि वाडीतल्या दहा मावश्यांकडून, त्यांची परवानगी घेऊन, भरून आणायला सांगा. बंदीच्या दिवसांत त्यांना बोलायला वेळही असतो. तिसऱ्या मावशीपाशीच कंटाळली, तर खुशाल इंजिनिअरिंगला घाला.