छपरावरचा बर्फ किती किलो?

बेळगुंदीत बर्फ पडत नाही. पडतो तो पाऊस, आणि कौलं चाळायची राहिली तर घरभर भांडी मांडावी लागतात असा पडतो. तरीही पीयूसी सायन्सच्या मुलांशी आज बर्फाबद्दलच बोलायचं आहे. ‘सिव्हिलला आता काय स्कोप राहिलाय?’ असं विचारणाऱ्या पालकांनीही ऐकावं.

आपल्या भागात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. काश्मीर-लडाखात राहिलेल्या एखाद्याला विचारा, छपरावरचा बर्फ फावड्यानं का ओढायचा ते तो सांगेल. किती फूट पडला हे पट्टी लावली की कळतं. पण छपराला फुटांशी देणंघेणं नाही, त्याला वजन पेलायचं असतं. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो. तोच आठवडेच्या आठवडे दबून बसला की ३०० च्या घरात जातो. म्हणजे थर तोच मीटरभर, वजन तिप्पट. आता आपल्याकडचं माप बघा: ज्यावर कुणाची ये-जा नाही अशा सपाट छपरासाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे ७५ किलो धरतं, राहत्या खोलीच्या जमिनीला २००.

म्हणून अभियंता बर्फाचं पाणी करून हिशेब मांडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो. पावसाळ्यात राकसकोप जलाशयाच्या पातळीसोबत पावसाची बातमी वाचणाऱ्या घराला मिलिमीटर नवे नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. इमारत पन्नास वर्षं उभी राहणार आणि हाती नोंदी असतात वीस-तीस हिवाळ्यांच्या. त्यावरून न पाहिलेल्या हिवाळ्याचा अंदाज बांधायचा. ‘पन्नास वर्षांतून एकदा’ येणारा भार म्हणजे दरवर्षी दोन टक्के शक्यता. मग पन्नास वर्षांत तो एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता किती? शंभर टक्के म्हणणारा चुकला. ०.९८ चा पन्नासावा घात काढा, एकातून वजा करा. उत्तर येतं जवळपास ६४ टक्के. पीयूसीच्या संभाव्यतेच्या धड्यात हे बसतं. हे गणित करताना ज्याचे डोळे चमकतील, त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगकडे जाऊ द्या.

अंदाज बरोबर असून भागत नाही, हेही सांगतो. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे अमेरिकेत हार्टफर्डच्या क्रीडागृहाचं छप्पर बर्फाखाली कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथं बास्केटबॉलच्या सामन्याला सुमारे पाच हजार प्रेक्षक होते. चौकशीत दोष बर्फापेक्षा आराखड्यात जास्त निघाला.

वाट सरळ आहे: सीईटी, सिव्हिलची पदवी, मग गेट देऊन स्ट्रक्चर्समध्ये एम.टेक. दहावीनंतर डिप्लोमा करूनही येता येतं. पदवीसाठी बेळगावातच गोगटे इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठाचं मुख्यालयही इथंच. अभ्यासात आधी भेटेल तो वारा. वळवाच्या वाऱ्यानं गोठ्याचे पत्रे उडालेले ज्यानं पाहिलेत, त्याला वाऱ्याचा दाब समजवायला फळा लागत नाही. पुणे आणि गोव्यासाठी मानकात सेकंदाला ३९ मीटर वेग दिलाय; त्यातून चौरस मीटरला नव्वदेक किलोचा दाब निघतो. बर्फासाठी त्याच मानकाचा चौथा भाग आहे. पुण्या-बंगळूरच्या कार्यालयांतून परदेशातल्या इमारतींचीही गणितं होतात, तिथं बर्फाचा हिशेब लागू शकतो.

पगाराचं विचाराल, तर सुरुवातीला तो कॉम्प्युटरवाल्या मित्रापेक्षा कमी असेल, आणि हे मुलाला आधीच माहीत असलेलं बरं. आराखड्यावर सही करण्याइतका अनुभव यायलाही वर्षं जातात.

निर्णय होत नसेल तर यंदा मिरगाला अंगणात उघड्यावर सरळ काठाचा डबा ठेवा. रोज सकाळी आठला पट्टी लावून मिलिमीटर लिहायचे, डबा रिकामा करायचा. दिवाळीपर्यंत वही कुणी न सांगता भरत राहिली, तर पुढचं बोलायला या.