वहीतली चढती रेघ

वाशी

छकुली,

ताईचा काल फोन आला. सकाळी बूट बांधायला वाकताना तू कपाटाला धरतेस, असं ती म्हणाली. तुझ्या वहीच्या पानाचा फोटोही तिने पाठवला. आडव्या रेषेवर सरावाचे तास, उभ्या रेषेवर विकेटा, अकॅडमीतल्या बारा मुलींचे बारा ठिपके आणि त्यांतून पट्टीने ओढलेली चढती रेघ. तिच्या टोकाशी तू पेन्सिलने लिहिलंयस, '१०,००० तास'. आकृती नेटकी आहे. तरी ती बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या पानावर तुझ्या पाठीला कुठेच जागा नाही.

आधी तो आकडा कुठून आला ते बघ. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत चांगल्या गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरीने दहा हजार तासांच्या वर भरला. ती सरासरी होती. त्या गटातल्या निम्म्या मुलांचे तेवढे तास झालेलेच नव्हते, हे पुढे एरिक्सननेच स्पष्ट केलं. पण २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या 'आउटलायर्स' या पुस्तकाने त्या सरासरीचा नियम करून टाकला, आणि तो तुझ्या वहीपर्यंत पोचला. जो भाग पोचला नाही तो असा की तीच चांगली मुलं झोपही जास्त घेत, दुपारचीसुद्धा. तुझ्या पानावर झोपेचा रकाना का नाही गं?

खेळाबद्दल विचारशील, तर मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळाडू-खेळाडूंतल्या फरकापैकी सुमारे १८ टक्के सरावाच्या तासांशी जोडता आला. अव्वल दर्जाच्या खेळाडूंत तर जेमतेम १ टक्का. यावर तू म्हणशील, मग सराव सोडूनच देऊ का? नाही. त्या पातळीवर सगळ्यांनीच भरपूर सराव केलेला असतो. प्रत्येकीने आमटीत मीठ घातलंय म्हटल्यावर कुणाची आमटी सरस हे मिठावरून ठरत नाही, पण म्हणून कुणी अळणी रांधत नाही. शिवाय तुझी रेघ उलटीही वाचता येते. जिचा चेंडू चांगला पडतो तिलाच सर नेटमध्ये जास्त वेळ ठेवतात, म्हणजे आधी विकेटा आणि मग तास. आणि ज्या मुली पाठ, गुडघा धरून घरी बसल्या, त्यांचे ठिपके त्या पानावर आहेतच कुठे? जिथे सर्वांत जास्त तास झाले असतील तिथलाच ठिपका नाहीसा झालेला असू शकतो. मला त्याचीच भीती वाटते.

आचरेकर सर आणि सचिनचं उदाहरण तू देणार, हे ठाऊक आहे मला. दिवसभर उन्हात खेळल्यावरही सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करील त्याचं नाणं, नाही झाला तर सचिनचं. आता यात तासांची लांबी कुठे वाढली? थकलेल्या शेवटच्या तासात चित्त कसं ठेवायचं, ते त्या नाण्याने शिकवलं. आणि तो फलंदाज होता, तू वेगवान गोलंदाज आहेस. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा कमरेचे मणके एकदमच वाकतात आणि पिळले जातात. वाढत्या वयात हाडाला भरून यायला वेळ मिळाला नाही, तर तिथे बारीक तडा जातो. बुमराह २०१९ मध्ये तशाच दुखण्याने बाहेर बसला, आणि २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. तो जगातला इतका मोठा गोलंदाज असून त्याची ही गत, आणि तू अजून वाढतेयस.

तुझ्या घरापासून इतक्या जवळ, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, २ नोव्हेंबर २०२५ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शफाली वर्माने ८७ धावा केल्या आणि वर समोरच्या संघातल्या ल्यूस आणि काप यांच्या विकेटाही काढल्या. एकदिवसीय सामन्यांत तिने तोवर क्वचितच चेंडू टाकला होता. त्यावरून सरावाशिवाय विकेटा मिळतात असं म्हणणं जितकं चूक, तितकंच तुझ्या बारा ठिपक्यांवरून आयुष्य आखणं चूक. एका दिवसाच्या खेळात योगायोग खूप असतो. तुझ्या वयात मीही तासच मोजत बसायचो, दुखणं नाही. आज त्याची हळहळ वाटते, म्हणून जरा रागावून लिहिलं गेलं.

मनाला लावून घेऊ नकोस. इतक्या चिकाटीने वही भरणारी मुलगी आमच्या घरात दुसरी कुणी झाली नाही. रविवारी मी येतो, आपण दोघं हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ. तोवर धावू नकोस, बसल्या बसल्या हातात चेंडू फिरव. वही बरोबर घे, झोपेचा आणि पाठीचा रकाना आपण मिळून आखू. आजीला कळू द्यायचं नसेल तर मी बोलणार नाही. बुटाची नाडी तेवढी ताईकडून बांधून घे, लाजू नकोस.

तुझा,
मामा