श्रीमंतांचा प्राप्तिकर : दर आणि न्याय

समान कुवतीच्या व्यक्तींनी समान कर द्यावा आणि अधिक कुवत असणाऱ्याने अधिक भार उचलावा, ही न्याय्य प्राप्तिकराची दोन सूत्रे होत. केवळ दर चढवून ती साध्य होत नाहीत, हे भारताच्या अनुभवावरून दिसून येते.

१९७३-७४ मध्ये दोन लाख रुपयांवरील उत्पन्नावर ८५ टक्के कर आणि त्या करावर १५ टक्के अधिभार होता. म्हणजे त्यावरील प्रत्येक शंभर रुपयांतून मिळविणाऱ्याच्या हाती अवघे सव्वादोन रुपये उरत. असे दर करचुकवेगिरीस प्रोत्साहन देतात, असे वांच्छू समितीने १९७१ मध्येच दाखवून दिले होते. पुढे हा कमाल दर १९७४-७५ मध्ये ७७, १९८५-८६ मध्ये ५० आणि १९९७-९८ मध्ये ३० टक्क्यांवर आणण्यात आला.

दर उतरले, तरी पहिल्या सूत्राचा प्रश्न उरतोच. मोठ्या वेतनाच्या वरच्या टप्प्यावर ३० टक्के कर व त्यावरील अधिभार बसतो. तो वेतनातूनच कापला जातो. नोंदणीकृत शेअर वर्षाहून अधिक काळ ठेवून विकल्यास मात्र सव्वा लाख रुपयांवरील नफ्यावर, जुलै २०२४ पासून, साडेबारा टक्के दर आहे. कंपनीने नफ्यावर आधीच कर भरलेला असतो व गुंतवणुकीस उत्तेजन हवे, हे या सवलतीचे समर्थन. तथापि, श्रीमंतांचे उत्पन्न मुख्यतः मालमत्तेतून येते. म्हणून कराचा न्याय पारखताना दराबरोबरच कोणते उत्पन्न कोणत्या दराखाली येते, हेही पाहणे अगत्याचे ठरते.