शहराची विचारपूस



सुटी जवळ आली की आपल्या मंडळ्यांतील विद्यार्थी-संघ सेवाशिबिराच्या तयारीला लागतात. समजा, तुमच्या संघाचा आठ दिवसांचा मुक्काम चंदीगडच्या सेक्टर 30 मध्ये ठरला आहे. तिकिटे निघाली, गीतांच्या वह्या तयार झाल्या, वाटण्यासाठी कपड्यांची गाठोडीही बांधून झाली. एवढ्याने तयारी झाली असे मानावे काय? या प्रश्नासाठी पवित्र शास्त्रातील यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पुढे घ्या.

हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यरुशलेमेत राहिलेल्या संदेष्ट्याने ते बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पाठवले. घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, असे सांगून सातव्या वचनात तो त्यांचे मन त्या परक्या नगराच्या कल्याणाकडे वळवतो. शहरातील सेवेविषयी बोलताना हे वचन हटकून घेतले जाते. परंतु त्यातील दोन गोष्टी बहुधा निसटतात.

पहिली गोष्ट शब्दाची. येथे मूळ इब्रीत ‘दाराश’ हे क्रियापद आहे. शोधणे, चौकशी करणे, विचारायला जाणे, असा त्याचा अर्थ. पोटातील बाळांची झुंज असह्य झाली तेव्हा रिबका परमेश्वराला विचारायला गेली, तेथे हेच क्रियापद आले आहे. एखाद्या नगराविषयी वाईट वार्ता कानी आली तर निवाड्यापूर्वी कसून तपास करावा, असे अनुवादाच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे, तेथेही हेच. या क्रियापदाचे कर्म ‘शालोम’ आहे, आणि त्या एकाच वचनात ते तीनदा येते. शांती, हित, कल्याण, क्षेम यांपैकी कोणताही मराठी शब्द त्याला पुरत नाही, हे भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण नाम इतके मोठे असल्यामुळे क्रियापद झाकले जाते. नगराचे कल्याण तुम्ही घडवून आणा, असे यिर्मया येथे लिहीत नाही. ते शोधा, त्याची विचारपूस करा, आणि त्या नगरासाठी प्रार्थना करा, असे तो लिहितो.

दुसरी गोष्ट मुदतीची. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील, असे छातीठोकपणे सांगतो. यिर्मया सत्तर वर्षे सांगतो. म्हणजे हे पत्र राहणाऱ्यांना लिहिलेले आहे, आणि तुमच्या खिशात तर परतीचे तिकीट आहे! आठ दिवसांच्या पाहुण्याने सत्तर वर्षांच्या रहिवाशाला दिलेली आज्ञा जशीच्या तशी स्वतःला लावून घेऊ नये. मात्र विचारपूस त्याला करता येते. आणि जे तेथे राहून सेवा करीत आहेत त्यांच्या हाताखाली काम करता येते.

आता विचारपूस कशी करावी? नकाशापासून आरंभ करा. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टर सुमारे 800 मीटर रुंद व 1200 मीटर लांब, शाळा आणि बाजार पायी जाण्याच्या अंतरावर. पहिल्या टप्प्यात 1 ते 30 हे सेक्टर दीड लाख वस्तीसाठी आखले गेले. 13 हा क्रमांक मात्र वगळला. तुमचा मुक्काम त्या टप्प्यातील अखेरच्या क्रमांकात आहे. वैज्ञानिक उपकरणांची केंद्रीय संशोधन संस्था, सीएसआयओ, येथेच आहे. येथे सावलीचे रस्ते पाहून ‘या शहराला आमची काय गरज?’ असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. त्याला सांगा की शहर बांधायला आलेल्या मजुरांसाठी त्या सुंदर आराखड्यात कायमची जागा नव्हती. त्यांच्या वस्त्या कडेने उभ्या राहिल्या व पुन्हा पुन्हा हलवल्या गेल्या. 2011 च्या जनगणनेत चंदीगड केंद्रशासित प्रदेशाची वस्ती 10,55,450 भरली. औद्योगिक क्षेत्राजवळची कॉलनी नंबर 4 ही मोठी झोपडवस्ती मे 2022 मध्ये पाडण्यात आली. जुन्या अहवालातला पत्ता घेऊन तुमचा संघ तेथे गेला, तर गाठोडी कोणाला देणार?

विचारपुशीला किती वेळ द्यावा, याचे उत्तर आपल्या घरच्या इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट 1925 मध्ये मुंबईत आले आणि 1927 मध्ये त्यांनी नागपाड्यात नेबरहुड हाऊस सुरू केले. नाना धर्मांच्या, दाटीने राहणाऱ्या कामकरी लोकांच्या मधोमध ते घर होते. शहरी सेवेला सदिच्छेबरोबर शिक्षणही लागते, हे त्या कामातून पुढे आले. आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने 1936 मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय त्याच नागपाड्यात निघाले. मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. 1944 पासून ती संस्था टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. ज्या कामासाठी त्यांनी दोन वर्षांचे शिक्षण आवश्यक मानले, त्यासाठी आपण चार रविवार तरी द्यावेत, ही अपेक्षा काही फार नाही.

त्या चार बैठकांपैकी एक लूकच्या दहाव्या अध्यायाला द्या. प्रभूने सत्तर जणांना पाठवले तेव्हा थैली घेऊ नका, घरे बदलू नका, पुढे वाढले जाईल ते खा, असे सांगितले. पाठवलेला मनुष्य आधी पाहुणा असतो, आणि पाहुण्याला हात पसरावा लागतो. चंदीगडात हे शिकणे सोपे आहे. तेथे पोहोचल्यावर गुरुद्वारातील लंगरमध्ये डोके झाकून बसा. ‘सेवा’ आणि ‘पंगत’ हे आपलेच दोन शब्द तेथे भेटतील. पण उष्टी भांडी घासणाऱ्यांत सुखवस्तू घरची माणसेही दिसतील. सेक्टर 12 मधील पीजीआय रुग्णालयाबाहेर, गावोगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातलगांना जगदीशलाल आहुजा यांनी वर्षानुवर्षे जेवण दिले. ते एके काळी फळांचे व्यापारी होते. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि 2021 मध्ये ते वारले. जेथे अशी परंपरा आहे, तेथे सेवेचा आरंभ आपल्यापासून होतो, असा आव आणू नये. आपली साक्ष त्याने दुबळी होते असे मला वाटत नाही. उलट ऐकणारा जवळ येतो.

बाकीची तयारी थोडक्यात. स्थानिक मंडळीच्या पाळकांना महिनाभर आधी पत्र लिहा, आणि त्यात आम्ही काय करणार हे न कळवता तुम्हांला काय हवे आहे हे विचारा. उत्तरात ‘स्वयंपाकघरात भाजी चिरायला चार हात हवेत’ एवढेच आले, तर पथनाट्य घरी ठेवून जा. मोडकीतोडकी का होईना, हिंदी-पंजाबीत नाव, गाव आणि प्रकृती विचारता आली पाहिजे. कोणाच्याही लेकराचे छायाचित्र आईबापांच्या संमतीशिवाय काढू नका. कपड्यांच्या गाठोड्यांविषयीही त्याच पत्रात विचारा. बहुतेक वेळा ती घरीच राहतील.

पहिल्या रविवारी यिर्मयाचे अठ्ठाविसावे व एकोणतिसावे हे दोन्ही अध्याय सलग मोठ्याने वाचा. हनन्याचे बोलणे वाचायला संघातील सर्वांत उत्साही मुलाला उभे करा, आणि ते ऐकायला किती गोड लागते, हे प्रत्येकाने मोकळेपणाने सांगावे.