कोळशाच्या गावची नोट

नोटा जमवणाऱ्यांच्या बैठकीत स्वालबार्डची नोट काढली की पहिला प्रश्न ठरलेला : "ही कुठल्या देशाची?" देशाची नाहीच. उत्तर ध्रुवाजवळच्या खाणगावांसाठी 'स्टोर नॉर्स्के' या नॉर्वेजियन कोळसा कंपनीनं काढलेली. तिच्या नादानं जे कळलं, ते नव्या मंडळींसाठी.

१. चित्र नंतर बघा, आधी वचन कुणाचं ते बघा. आपल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचं. इथं कंपनीचं, आणि तेही तिच्या वस्तीपुरतं.

२. नोट काढायची वेळ का आली, ते शोधा. कंपनी १९१६ची. नॉर्वेचा अंमल स्वालबार्डच्या बेटांवर लागू झाला १९२५मध्ये. म्हणजे सरकारच्या आधी कंपनीचा पैसा पोचला होता! तेव्हा हिवाळ्यात समुद्र गोठला की महिनोन्महिने जहाज नसे. पगार कंपनीचा, राहायची खोली कंपनीची, दुकानही कंपनीचंच. नोट फिरून परत तिच्याच गल्ल्यात. असला खासगी पैसा दिसला की आपल्याला लगेच पिळवणूक आठवते. अमेरिकेतल्या कोळसागावांबाबत तो संशय खोटा नव्हता. ही नोट मात्र क्रोनच्या बरोबरीची होती आणि १९८०पर्यंत चालली, तेव्हा सरसकट शिक्का मारू नका. अर्थात गावात दुकान एकच असलं, की भाव कोण ठरवणार हे सांगायला नको.

३. शेजारी कोण होतं तेही पाहा. याच बेटांवरच्या बारेंट्सबर्गची खाण १९३२मध्ये सोव्हिएतांनी डचांकडून घेतली. तिथल्या 'आर्क्तिकउगोल' कंपनीचाही स्वतःचा पैसा होता. १९९३च्या नाण्यांवर 'रशियन फेडरेशन' असं छापलं, तेव्हा नॉर्वेनं हरकत घेतली. खाणकामगाराच्या सुट्ट्या पैशांतही सार्वभौमत्व आडवं येतं ते असं.

४. नोट धुऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. घडीत बसलेली काळपट रेघ हाच तिचा जन्मदाखला. कोऱ्या करकरीत नोटेसाठी जास्त पैसे मोजणारे मोजोत. मला खिशात फिरलेली आवडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्वस्तातली पीव्हीसी पाकिटं चिकट होतात, ती टाळा.

५. ओळखीचं कुणी स्वालबार्डमधल्या भारताच्या 'हिमाद्री' संशोधन केंद्रावर निघालं, तर ही नोट आणायला सांगू नका; ती तिथं केव्हाच चालेनाशी झाली. २००८मध्ये हे केंद्र जिथं सुरू झालं, ते न्यू-आलेसुंडही मूळचं कोळशाचंच गाव. १९६२च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण कायमची बंद पडली. तिथून टपालाचा शिक्का मारलेलं एखादं कार्ड मागवा. नोट इथंच लिलावात शोधा.