वाहन चालविताना लक्ष कोठे असावे ?

आपल्या येवल्यात पैठणी विणणाऱ्या कारागिराची नजर क्षणभर ढळली, तर चुकलेली वीण उसवून पुन्हा विणता येते. वाहन चालविणाऱ्याची चूक उसवता येत नाही.

एके सकाळी शाळेस उशीर झाला म्हणून आम्ही मोटार चालविता चालविता आरशात पाहून केस विंचरू लागलो. मान वर केली तो सायकलवरील एक मुलगी अगदी समोर ! ब्रेक वेळेवर लागला व ती वाचली. परंतु तिचा भ्यालेला चेहरा आम्हांस अद्यापि विसरता येत नाही. त्याच दिवशी आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात केस विंचरण्याविषयी वा दाढी करण्याविषयी स्वतंत्र कलम नाही. तथापि कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालविण्यास शिक्षा सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात हातातील फोनचा वापर स्पष्टपणे घातला. शिवाय दक्ष चालकाकडून अपेक्षित असलेल्या रीतीहून फारच हीन व उघड धोक्याची अशी कोणतीही रीत त्यात येते. कंगवा काय, वस्तरा काय, धोका उत्पन्न झाला की तो याच कलमाखाली येऊ शकतो. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

कायदा इतका कठोर का ? गणित करून पाहा. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी दर सेकंदास १० मीटर जाते. तीन सेकंद आरशात पाहिले, तर ३० मीटर रस्ता आपण आंधळ्याप्रमाणे तोडला ! विंचूर चौफुलीवर, जेथे मनमाड, कोपरगाव, नाशिक व वैजापूर या चारही वाटांची वाहने एकत्र येतात, तेथे तेवढ्या अंतरात किती माणसे असतात, हे तुम्हीच मोजा.

लक्ष तीन प्रकारे ढळते : नजर रस्त्यावरून हटते, हात सुकाणूवरून सुटतो, किंवा मन दुसरीकडे जाते. केस विंचरताना तिन्ही एकदम घडतात.

पालकांस आमची विनंती एवढीच, की केशभूषा घरी आटोपावी; फोन आल्यास वाहन बाजूस उभे करून मगच बोलावे. आणि मुलांनो, मागे बसून वडिलांची नजर ढळलेली दिसली, तर "बाबा, समोर पाहा" असे नम्रपणे म्हणण्यास भिऊ नका. आम्हांस त्या सकाळी असे म्हणणारे कोणी नव्हते.