वाटेत अडलेले चित्र : स्कॅनर, संगणक आणि त्यांमधील दुभाषी

एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात पन्नास-साठ वर्षांपूर्वीची काही शे छायाचित्रे असतात. कागद पिवळा पडत चाललेला असतो, कडा विरलेल्या असतात, आणि चित्रांतील माणसांना ओळखणारी माणसेही आता थोडीच उरलेली असतात. ती सारी छायाचित्रे संगणकावर उतरवून घ्यावीत असे ठरते. स्कॅनर येतो, केबल जोडली जाते, काचेखालचा दिवाही लागतो. परंतु फोटोशॉपसारखा चित्रसंपादनाचा प्रोग्रॅम उघडून ‘फाइल’ मेनूतील ‘इंपोर्ट’ या ठिकाणी पाहावे, तर तेथे स्कॅनरचे नावच नसते. यंत्र निकामी झाले असा निर्णय दिला जातो, नव्या यंत्रासाठी पैसे नसतात, आणि छायाचित्रे पुन्हा कपाटात जातात. हा निर्णय पुष्कळदा चुकीचा असतो. स्कॅनर धड असतो, प्रोग्रॅमही धड असतो. त्या दोहोंमधील दुभाषी तेवढा गप्प झालेला असतो.

अशा दुभाष्याची गरज मुळात नव्हती. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श व त्यांचे सहकारी यांनी १९५७ साली कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे एक छोटे छायाचित्र संगणकात घातले. आडवे १७६ आणि उभे १७६, असे एकूण ३०,९७६ बिंदू त्यात होते. तेथे संगणकही त्याच संस्थेने बांधलेला आणि चित्र वाचणारे यंत्रही तिचेच. पुढे स्कॅनर एका कारखान्याचा, संगणक दुसऱ्याचा आणि प्रोग्रॅम तिसऱ्याचा अशी स्थिती आली, तेव्हा मात्र प्रत्येक प्रोग्रॅमला प्रत्येक स्कॅनरची बोली शिकवणे भाग पडू लागले. यातून सुटका व्हावी म्हणून काही उद्योगसंस्थांनी एकत्र येऊन १९९२ मध्ये ‘ट्वेन’ नावाचा संकेत ठरविला. हे नाव, मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंग यांच्या पूर्व-पश्चिमेविषयीच्या एका कवितेतील, ‘दोन’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आले आहे. जे दोघे एरवी भेटायचे नाहीत त्यांची भेट घालून देणारा, असा त्यामागील विनोद आहे. आणि तो अनेकांना नकळत भोवला आहे.

ट्वेनच्या रीतीत स्कॅनरचा निर्माता ड्रायव्हर नावाचा एक लहान प्रोग्रॅम देतो. संपादनाचा प्रोग्रॅम या ड्रायव्हरला आपल्याच घरात बोलावून घेतो, म्हणजे स्मृतीच्या आपल्या वाट्याच्या भागात त्याला स्थान देतो. मग ड्रायव्हर आपली स्वतःची खिडकी पडद्यावर उघडतो व चित्र आणून देतो. ही व्यवस्था सोयीची होती, परंतु पुढची मोठी अडचण तिच्यातच दडलेली होती. ६४ बिटांच्या प्रोग्रॅमच्या घरात ३२ बिटांच्या पाहुण्याला प्रवेश नसतो. फोटोशॉपची ६४ बिटांची आवृत्ती विंडोजवर २००८ मध्ये (सीएस४) आणि मॅकवर २०१० मध्ये (सीएस५) आली. जुन्या स्कॅनरांचे ड्रायव्हर मात्र ३२ बिटांचेच राहिले. काल चालणारा स्कॅनर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसविताच यादीतून नाहीसा होतो, याचे हे सर्वांत वारंवार आढळणारे कारण होय. केबल बदलून, संगणक दहा वेळा बंद-चालू करून त्यात काही फरक पडत नाही.

विंडोजवर याची खूण पटविणे सोपे आहे. विंडोजच्या मुख्य फोल्डरात ‘ट्वेन_३२’ या नावाचा एक फोल्डर असतो, आणि ६४ बिटांच्या संगणकावर ‘ट्वेन_६४’ नावाचाही असू शकतो. स्कॅनरच्या कंपनीच्या फाइली केवळ पहिल्यात असतील, तर ६४ बिटांच्या प्रोग्रॅमला ट्वेनच्या मार्गाने तो स्कॅनर दिसणार नाही, हे उघड आहे. ट्वेनच्या दुसऱ्या आवृत्तीत ६४ बिटांची सोय झाली; पण सोय होणे निराळे आणि विक्री थांबलेल्या यंत्रासाठी कंपनीने नवा ड्रायव्हर लिहिणे निराळे. काही काळ यावर एक तोड होती. विंडोजवर फोटोशॉपची ३२ बिटांची आवृत्तीही सोबत मिळत असे, आणि मॅकवर सीएस५ हा प्रोग्रॅम ३२ बिटांच्या पद्धतीने उघडता येत असे. विंडोजवरील तो मार्ग २०१८ च्या आवृत्तीने बंद केला, आणि मॅकवर तर २०१९ च्या कॅटलिना या प्रणालीपासून ३२ बिटांचा कोणताच प्रोग्रॅम चालत नाही.

विंडोजमध्ये दुसराही एक दुभाषी आहे. त्याचे नाव डब्ल्यूआयए. हा प्रोग्रॅमच्या घरात न राहता प्रणालीच्या एका स्वतंत्र सेवेत बसून काम करतो. त्यामुळे विचारणारा प्रोग्रॅम ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, याने त्याचे अडत नाही. ती सेवाच बंद पडली असेल, तर ती पुन्हा सुरू करणे एवढाच उपाय पुरतो. एकाच स्कॅनरचे नाव यादीत दोनदा दिसते व त्यांपैकी एकाच्या आरंभी डब्ल्यूआयए ही अक्षरे असतात, याचे कोडे नवख्याला पडते. ती दोन यंत्रे नसून एकाच यंत्राकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत. मात्र फिल्मची निगेटिव्ह वाचणे, धूळ व ओरखडे काढणे यांसारख्या खास सोयी या वाटेने बहुधा मिळत नाहीत.

दोष शोधताना संपादनाचा प्रोग्रॅम आधी बाजूला ठेवावा. निर्मात्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून, किंवा विंडोजवर ‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’ व मॅकवर ‘इमेज कॅप्चर’ यांतून चित्र घेऊन पाहावे. ते आले, तर दिवा, काच, केबल आणि यंत्राचा गाभा हे सर्व शाबूत आहे, असे एका फटक्यात सिद्ध होते. ते आले नाही, तरच केबलकडे वळावे. यूएसबी हबमधून जोडलेली असल्यास ती थेट संगणकात लावून पाहावी. सपाट काचेच्या अनेक स्कॅनरांना प्रवासात दिव्याचा गाडा हलू नये म्हणून एक कुलूप असते. ते काढायचे राहून गेले, एवढ्यावरून कित्येक यंत्रे दुरुस्तीला गेली असतील! ६४ बिटांच्या विंडोजला उपकरणाचा गाभ्यातील ड्रायव्हर ६४ बिटांचाच लागतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

कधी स्कॅनर दिसतो, काम सुरू होते आणि मध्येच प्रोग्रॅम थिजतो. ड्रायव्हरची खिडकी मुख्य खिडकीच्या मागे दडून उत्तराची वाट पाहत असते, हे एक साधे कारण. दुसरे कारण हावेचे आहे. ए४ आकाराचा कागद इंचाला १२०० बिंदू या प्रमाणात पूर्ण रंगांत वाचला, तर सुमारे ४२ कोटी बाइट होतात. प्रमाण २४०० केले की ते दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे १६७ कोटी होतात. ३२ बिटांच्या विंडोज-प्रोग्रॅमला एरवी मिळणारी सारी जागा साधारण २१५ कोटी बाइटांची असते, आणि तीत इतर सामानही असते. पडद्यावर उमटणारा संदेश मात्र स्कॅनरलाच दोष देतो. कागदावरील साध्या छायाचित्रात इंचाला ३०० ते ६०० बिंदूंपलीकडे फारसे काही सापडत नाही. मोठे प्रमाण लहानशा निगेटिव्हसाठी राखून ठेवावे.

इंपोर्टचा मार्ग कायमचाच बंद झाला असेल, तरी चित्र अडून राहण्याचे कारण नाही. निर्मात्याच्या प्रोग्रॅममधून ते वाचावे, टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये साठवावे आणि ती फाइल संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. बिंदू तेच असतात. इंपोर्टने वाचतो तो केवळ एक टप्पा. जेपेग प्रकारात साठविल्यास मात्र काही तपशील कायमचा गळतो. निर्मात्याचा प्रोग्रॅमही चालेनासा झाला असल्यास व्ह्यूस्कॅनसारखा, जुन्या स्कॅनरांसाठी स्वतःचे ड्रायव्हर बाळगणारा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. लिनक्सवर ‘सेन’ ही व्यवस्था आहे. तिच्यात ड्रायव्हर आणि पडद्यावरची खिडकी मुळातच वेगवेगळ्या ठेवल्या असल्याने कंपनीने टाकून दिलेली पुष्कळ यंत्रे तेथे अजून काम करतात. आपले यंत्र तिच्या यादीत आहे की नाही, हे मात्र आधी पाहून घ्यावे लागते. एखादा जुना संगणक त्याच्या जुन्या प्रणालीसह इंटरनेटपासून तोडून केवळ स्कॅनरसाठी राखणे, हाही अनेक ठिकाणी पत्करलेला मार्ग आहे. तेथून फाइली नेण्याआधी प्रत्येक छायाचित्राच्या मागे लिहिलेली नावे व तारखा वाचण्यासाठी कागद उलटा करून पुन्हा एकदा काचेवर ठेवावा.